दबलेला क्रोध, सूड आणि काव्याचा शेवट : जावळी १६५९, पुणे १८९७

पाचगणीच्या कड्यावरून खाली कृष्णेचे खोरे आणि वाई दिसते. पश्चिमेस महाबळेश्वर ओलांडले की डोंगर जावळीत उतरतात. १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ वाईला पडला होता आणि १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. दबलेल्या क्रोधाचे सूडात होणारे रूपांतर मराठी काव्याने कसे पाहिले, याचा शोध याच टापूपासून सुरू करावा लागतो. कारण उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अगिनदासाचा पोवाडा या प्रसंगावरच आहे.

क्रोधाची कारणे परिचित आहेत. थोरले बंधू संभाजी कनकगिरीला पडले, त्याचा ठपका खानावर होता. तुळजापूरच्या देवीची विटंबना झाल्याची भावना ताजी होती. परंतु नायकाच्या मनातील संताप उलगडण्यात अगिनदास रमत नाही. त्याच्याकडे क्रोध दिसतो तो आदरातिथ्याच्या रूपाने: नम्र निरोप, भ्याल्याचा आव, भेटीसाठी सजविलेली सदर. ही नम्रता खोटी आहे हे श्रोत्यांना ठाऊक असते, खानाला नसते. आणि पोवाड्यातील सारा ताण या अंतरातून निर्माण होतो. पुढे प्रत्यक्ष भेटीत कुळावरून उणेदुणे निघते, खान आधी वार करतो आणि मगच वाघनख व बिचवा चालतो. पहिला वार शत्रूच्या पदरी टाकल्यामुळे सूड हा प्रतिकार ठरतो. शाहिराची ही नैतिक हिशेबाची पद्धत साधी खरी, पण ती कच्ची नाही.

कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त हाच प्रसंग महाकाव्याच्या चौकटीत येतो. तेथे नायक दैवी अंशाचा असल्याने वैयक्तिक वैर धर्मकार्यात विरघळते आणि क्रोध जवळजवळ अनावश्यक होतो. काव्य म्हणून त्याचे मोल मोठे असले, तरी प्रस्तुत प्रश्नापुरता अगिनदास अधिक उपयोगी पडतो. जोतीराव फुल्यांच्या १८६९ च्या पोवाड्यात नायक ‘कुळवाडीभूषण’ होतो आणि दडपलेल्या रागाचा धनीच बदलतो. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

खरी गुंतागुंत १८९७ मध्ये दिसते. १५ जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता ‘भवानी तलवार’ या सहीने आली. त्याच अंकात अफजलखानवधाची चर्चा झालेल्या शिवोत्सवाचा वृत्तान्त होता. कवितेतील महाराज जागे होऊन देशाची दैना पाहतात: संपत्ती परदेशी गेलेली, गाईंची कत्तल, स्त्रियांची अप्रतिष्ठा, गोऱ्या अपराध्यांची सुटका. हे सारे लोक सोसतात कसे, याचा त्यांना विस्मय वाटतो. मात्र कविता सूडापर्यंत पोचत नाही. अखेरीस महाराज राज्यकर्त्यांना त्यांच्या वखारीतल्या तराजूची आठवण देतात, आपण त्या वेळी त्यांना राखले हे सांगतात आणि ते ऋण प्रजेला सुखी करून फेडण्यास सुचवतात. अगिनदासाकडे कृती होती आणि क्रोधाची वाच्यता थोडी. येथे वाच्यताच वाच्यता आहे, कृती नाही.

ती रिकामी जागा कोणी भरावी? २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुढे टिळकांवर कलम १२४ अ खाली राजद्रोहाचा खटला चालला. खुनाचा आरोप त्यांच्यावर नव्हता, तथापि त्याची छाया न्यायालयात होतीच. न्या. स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. या व्याख्येत दबलेला क्रोधही मावतो; तो कृतीत उतरण्याची गरज उरत नाही. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट विलक्षण आहे: ज्या ऋणाच्या आठवणीवर कवीने कविता थांबविली, तिच्या पुढचा भाग न्यायासनाने स्वतः वाचला, आणि तोही मूळ मराठीवरून नव्हे, इंग्रजी भाषांतरावरून. अफजलखानाची कथा शेजारच्या स्तंभात असल्याने त्या वाचनाला आधार मिळाला, हेही नाकारता येत नाही. संपादकांना ते शेजार अगदीच नकळत घडले असेल, असे मानणे कठीण आहे.

ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.