तांब्याचें चिलखत

नागपुराजवळच्या आमच्या बेशापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तथापि घरोघरींच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलींत आजच्या विषयाचा निम्मा उलगडा आहे.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनीं तेथील गोदींत १८१७ सालीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज आजही इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत आहे. अशा जहाजांचें सारें श्रेय मलबारी सागवानास देण्याची आपली रीत मला अपुरी वाटते. शेवाळ व शिंपले सागवानासही चिकटून जहाजाची गति मारतात. त्यांस दूर ठेवण्याचें काम त्या काळीं तांब्याचे पत्रे करीत.

ह्या युक्तीची परीक्षा इंग्रज आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ ह्या जहाजावर घेतली. वेस्ट इंडीजची सफर करून तें परतलें, तेव्हां तांब्याखालच्या लाकडास किड्यांनीं तोंड लावलेलें नव्हतें, परंतु लोखंडी खिळे झिजून गेले होते. गंमत अशी, कीं कांहीं ठिकाणीं पत्र्यांस गुंडाळून आलेला तपकिरी कागद तसाच राहिला होता, आणि तेथील खिळे मात्र शाबूत! तांबें व लोखंड एकमेकांस टेकून खाऱ्या पाण्यांत बुडालीं, कीं विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो व त्यांत लोखंडाचा बळी जातो. कागदानें तो स्पर्शच तोडला होता.

१८२४ सालीं सर हंफ्रे डेव्ही यांनीं हाच न्याय उलटा वापरला. तांबें झिजूं नये म्हणून त्यांनीं त्यास लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले. तांबें खरोखरच झिजेनासें झालें. पण त्यावर शिंपल्यांची दाटी झाली. तांबें थोडें थोडें विरघळतें, म्हणूनच त्याचें विष त्या जीवांस हटवितें. आरमारानें ती योजना सोडून दिली. लोक हिला डेव्हींची फजिती म्हणतात. मी तसें म्हणणार नाहीं. कारण आजचीं पोलादी जहाजें त्याच उपायावर तगलीं आहेत.

पोलादावर तांब्याचा पत्रा थेट ठोकला तर पोलादच खाल्लें जाईल. म्हणून बुडाला जस्ताच्या वड्या जोडतात. त्या स्वतः झिजतात व पोलाद वांचवितात. कोठें वितळलेल्या जस्ताचा वा ॲल्युमिनियमचा फवारा मारतात. ही रीत स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं काढली. बादलीस चरा पडला तरी ती लगेच गंजत नाहीं, तें ह्याच कारणानें. त्यावर पाणी अडविणारा रंग, आणि सर्वांत बाहेर तांब्याचा अंश असलेला रंग. मधला थर म्हणजे ‘अलार्म’वरचा तो कागदच!

पुढें कथिलाच्या संयुगांचे अधिक जहाल रंग निघाले. त्यांनीं कालवांचीं कवचें वेडींवांकडीं होऊं लागलीं, आणि २००८ सालीं त्यांवरील आंतरराष्ट्रीय बंदी अमलांत आली. तांब्याचे रंग मात्र अजून चालूच आहेत.