सुवर्ण अब्जांशकण : फुप्फुसपेशींवरील परिणाम

सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण. पाण्यात पसरले की ते पिवळे न दिसता लाल दिसतात. एकमेकांना चिकटले की तो रंग जांभळट-निळा होतो. चिकटू नयेत म्हणून त्यांवर सायट्रेट, अमिनो आम्ल, नैसर्गिक डिंक किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांचे आवरण असते. पेशीची पहिली गाठ या आवरणाशी पडते, म्हणून ‘सोने निरुपद्रवी आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे.

महाराष्ट्रातील या विषयावरचे ठळक काम पुण्याचे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील रमेश भोंडे आणि इतर सहकाऱ्यांसह २००५ मध्ये ‘लँगम्यूर’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. लायसीन या अमिनो आम्लाचे आवरण असलेले साडेतीन नॅनोमीटरच्या आसपासचे कण त्यांनी उंदराच्या महाभक्षी पेशींना दिले. पेशींनी कण गिळले आणि केंद्रकाभोवतीच्या पुटिकांत साठवले. पण दाह पेटवणारी प्रथिने त्यांनी स्रवली नाहीत. फुप्फुसाच्या वायुकोशांतली धूळ टिपणाऱ्या पेशी याच जातीच्या असल्याने हा निष्कर्ष इथे मोलाचा ठरतो. मात्र वापरलेल्या पेशी फुप्फुसातल्या नव्हत्या, हे विसरू नये. पुढे पुण्यातच वर्षा पोखरकर आणि बी. एल. व्ही. प्रसाद यांच्या गटांनी जेलन डिंकाचे आवरण असलेल्या कणांची पेशींवर व तोंडावाटे देऊन चाचणी घेतली.

फुप्फुसासाठी बहुधा ए-५४९ या मानवी कर्करोगपेशी वापरतात. त्यांवरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २००७ मध्ये कोलकात्याच्या गटाला सोन्याच्या ज्या कणांनी या पेशी मरताना दिसल्या, त्याच कणांचा यकृताच्या पेशींवर तसा परिणाम दिसला नाही. २००९ मध्ये युरोपीय संशोधकांनी वायुकोशपेशींवरील अपायाचा संबंध कणांवर उरलेल्या सोडियम सायट्रेटशी जोडला. कांडीच्या आकाराचे सुवर्णकण घडवताना वापरला जाणारा सीटॅब हा साबणासारखा रेणू तर नीट धुतला गेला नाही, तर स्वतःच पेशींना मारतो. एकंदरीत, धन प्रभाराची आवरणे ऋण प्रभाराच्या आवरणांपेक्षा अधिक घातक आढळली आहेत. आकारही निर्णायक आहे : २००७ च्या एका जर्मन अभ्यासात १.४ नॅनोमीटरचे कण विषारी, तर १५ नॅनोमीटरचे निर्धोक ठरले.

चाचणीतही एक खाच आहे. नेहमीच्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचा जांभळा रंग करतात आणि तो साधारण ५७० नॅनोमीटरला मोजतात. सुवर्णकण ५२० च्या आसपास प्रकाश शोषतात, ती छटा मोजणीत मिसळते आणि मेलेल्या पेशी जिवंत भासू शकतात. पेशी न घालता केवळ कणांचे मापन सोबत दिलेले नसेल, तर असा निबंध फार मनावर घेऊ नये. शिवाय बशीतल्या द्रवात ओतलेला कण आणि श्वासातून आलेला कण यांत फरक पडतो, म्हणून हवेच्या सीमेवर पेशी वाढवून त्यांवर कण फवारण्याची पद्धत अधिक विश्वासार्ह. सुवर्णभस्म पूर्वापार पोटात घेतले जाते, यावरून फुप्फुसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीसारख्या वाहनउद्योगाच्या ठिकाणी खरी चिंता सोन्याची नसते, वेल्डिंगच्या धुराची असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये हा धूर मानवाला कर्करोगकारक ठरवला. त्यातही अब्जांश आकाराचे धातुकण असतात. अशा कणांचा शरीरातला प्रवास शोधायला सोने सोयीचे, कारण ते सहसा विरघळत नाही आणि रक्तात नेमके ओळखता येते. एडिंबरोत निरोगी स्वयंसेवकांना सुवर्णकण श्वासावाटे देऊन हेच केले गेले. २०१७ च्या त्या अहवालानुसार कण फुप्फुसातून रक्तात उतरले, लहान कण अधिक प्रमाणात, आणि तीन महिन्यांनंतरही शरीरात आढळले.