किती सीसीची फटफटी?

जुनी फटफटी विकत घ्यायची आणि ती पुन्हा उभी करायची, हे खूळ आपल्या आयटीवाल्या मंडळींत बरंच पसरलेलं आहे. शनिवार-रविवार मोकळे असतात, हातात थोडे पैसे असतात आणि आठवडाभर कीबोर्ड बडवल्यावर हाताला जरा ग्रीस लागावं असं वाटतं. मग गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "किती सीसी?" आणि पाठोपाठ फुकटचा सल्ला, "घेतोयस तर मोठंच घे. ३५० मिळाली तर ५०० चं ब्लॉक-पिस्टन टाकून दे, हाय काय अन् नाय काय!"

या सल्ल्यावर पैसे लावण्याआधी थोडा इतिहास बघूया. सीसीचा आकडा कुठून आला हे कळलं की निर्णय बराच सोपा होतो.

बुलेटपासूनच सुरुवात करू. हे नाव पहिल्यांदा झळकलं १९३२ साली, लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात, आणि तेव्हाच तिची २५०, ३५० आणि ५०० अशी तीन मापं होती. म्हणजे लहान की मोठी हा वाद बुलेटच्या नावाइतकाच जुना! आपल्या ओळखीची बुलेट मात्र १९४९ पासूनची, इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातली. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. १९५३ साली तिची थोरली बहीण आली. स्ट्रोक तोच ९०, बोअर मात्र ८४. हिशोब करून बघा, ४९९ सीसी येतात. फरक कागदावर फक्त १४ मिलिमीटरचा. "ब्लॉक-पिस्टन टाकून दे" या सल्ल्याचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे कुठली आली, तर ३५०. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी मोटरसायकली हव्या होत्या आणि ऑर्डर गेली ती ३५० सीसीच्या ८०० बुलेटची. १९५५ साली मद्रासमध्ये कंपनी उभी राहिली, आधी सुट्या भागांची जुळणी आणि मग हळूहळू इथलंच उत्पादन. काय बनवायचं आणि किती बनवायचं हे सरकारी परवान्यावर ठरायचा तो काळ. त्यामुळे पुढची तीन दशकं आपल्यासाठी बुलेट म्हणजे ३५० असंच समीकरण राहिलं. मद्रासची ५०० आली ती १९९० च्या आसपास, तीही मुख्यतः निर्यात डोळ्यासमोर ठेवून.

तिकडे म्हैसूरला १९६१ पासून आयडियल जावा कंपनी चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवू लागली. २४९ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद १२ अश्वशक्तीच्या आसपास. पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या आराखड्यावरून १७३ सीसीची राजदूत काढली. गावोगावच्या दूधवाल्यांनी तिला कॅन लटकवले आणि १९७३ च्या 'बॉबी'मध्ये तिच्याच धाकट्या बहिणीवर ऋषी कपूर-डिंपल फिरले.

आता गंमत बघा. १९८३ साली याच एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' म्हणून आणली. ३४७ सीसी, म्हणजे बुलेटपेक्षा फक्त एक सीसी जास्त. बुलेटची ताकद साधारण १८ अश्वशक्ती आणि हिची ३०! बुलेटमध्ये एकच सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट. आरडीमध्ये दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे तेवढ्याच दोन फेऱ्यांत चार स्फोट. दोघींच्या कपाळावर ३५० लिहिलंय, पण प्रकृती पूर्ण वेगळी. पेट्रोल मात्र ती इतकं प्यायची की कंपनीने पुढे अॅव्हरेज वाढवायला ताकद २७ वर आणली. तरी ती १९९० च्या आसपास संपलीच, कारण १९८४-८५ पासून शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या होत्या आणि ग्राहक अॅव्हरेज विचारत होता.

त्यातलीच १९८५ ची आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. बुलेट १८ अश्वशक्ती, वजन एकशे पासष्टच्या आसपास. भागाकार केला तर किलोमागची ताकद दोघींची जवळजवळ सारखीच! आपल्या भाषेत सांगायचं तर सीसी म्हणजे प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ. नुसत्या आकड्यावरून मशीन कसं चालेल ते कळत नाही.

तर मुद्दा असा की यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर होता. कधी लष्कराची गरज, कधी परवाना, कधी पेट्रोलचा भाव. आणि गाडीची बाकी सगळी अंगं त्या उत्तराला धरून बेतलेली होती. ३५० च्या गाडीत ८४ चा पिस्टन घातला की तो जड पिस्टन क्रँकचा समतोल बिघडवतो आणि कंप वाढतो. क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. ड्रम ब्रेक मात्र तेच जुने राहतात. खंडाळ्याचा घाट चढताना मजा येईल हो, पण उतरायचं काय?

शिवाय कायदा आहे. परवानगीशिवाय इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. इंजिनात मोठा फेरफार केला की तो दरवाजा बंद. (अशी नोंदणी केली तर ती रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.) एकदा मूळ इंजिन भंगारात गेलं की चेसिस आणि इंजिनची जुळलेली जोडी कायमची तुटते, आणि अशा जोड्या दरवर्षी कमीच होत जाणार.

म्हणून माझं मत सरळ आहे. आधी रस्ता ठरवा, मग गाडी निवडा. शहरात रोज थोडंथोडं फिरायचंय तर जावा, राजदूतसारखं हलकं इंजिन घ्या. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हची भानगड नाही, शनिवारी उघडून रविवारी बसवता येतं. दोघांनी सामानासकट जुन्या हायवेने लांब जायचंय तर बुलेट ३५० घ्या आणि साठ-सत्तरवर निवांत चालवा. (एक्सप्रेसवेवर दुचाकीला तसाही मज्जाव आहे.) आणि ५०० च हवी असेल तर ५०० म्हणूनच जन्मलेली शोधा. वेळ लागेल, पैसे जास्त जातील, पण एका ३५० चा जीव वाचेल.

ते ब्लॉक-पिस्टनचे पैसे ब्रेक, टायर आणि वायरिंगवर घाला. गाडी जास्त पळेल की नाही ते माहीत नाही, थांबेल मात्र नक्की.