वंशाचा रकाना

मनमाडात कोण कुठला, हे पूर्वी माणसाला विचारावं लागत नसे. त्याचं क्वार्टरच सांगायचं. झाडाखालचे, पुढे व्हरांडा आणि मागे नोकराची खोली असलेले बंगले गोऱ्या साहेबांचे. पलीकडची कौलारू जोडघरं मेल ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची. तिथल्या पाट्यांवर बहुतेक इंग्रजी आडनावं. मग बाबू लोकांच्या चाळी, मग खलाशी-फायरमनच्या एकेक खोल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी लाईनीला लागून रूळ सांभाळणाऱ्या गँगची घरं. माझे आजोबा त्या शेवटच्या ओळीतले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेच्या गँगमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. मी त्याच रेल्वेत कारकून झालो आणि लोकांच्या सर्व्हिस शीटा सांभाळत रिटायर झालो. त्यामुळे जवळच्या अंकाई-टंकाई किल्ल्यांचा इतिहास मला फारसा ठाऊक नाही; कागदातला आहे.

मनमाड हे रेल्वेनं वाढवलेलं गाव. १८६५ साली थळ घाट खुला झाला आणि मोठी लाईन खानदेशाकडे सरकली. १८७८ साली दौंडची लाईन इथे येऊन मिळाली, १९०० च्या सुमारास निजामाची छोटी लाईन औरंगाबादेकडून आली. जंक्शन झालं, लोको शेड आली, पुलांचे गर्डर बनवणारा वर्कशॉप आला. एवढा पसारा चालवायला माणसं लागली आणि ती रेल्वे कंपनीनं रंग बघून नेमली. विलायतेहून ड्रायव्हर आणायचा तर खर्च फार, आणि नेटिवाच्या हाती मेल गाडी द्यायला साहेबाचं मन धजेना. मधली सोय म्हणून युरेशियन माणूस सापडला. बाप नाही तर आजा गोरा सोल्जर किंवा रूळ टाकणारा प्लेटलेयर, आई नाही तर आजी इथली.

ह्या लोकांना सरकारनं गरजेप्रमाणे वापरलं. १६८७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी मद्रासला लिहिलं, की सोल्जरांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत, होणाऱ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला एक पगोडा, म्हणजे सोन्याचं नाणं, इनाम द्यावा. शंभर वर्षांनी वारं फिरलं. १७९१ साली त्याच मुलांच्या नातवंडा-पणतवंडांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांतून बाद केलं, १७९५ साली पलटणीतूनही काढलं. बँड वाजवायला आणि घोड्यांना नाल ठोकायला तेवढी मुभा राहिली. पुढे तारखातं, कस्टम आणि रेल्वे निघाली, तेव्हा पुन्हा त्यांची आठवण झाली.

नावंही नोकरीच्या मागे धावली. हाफ-कास्ट, युरेशियन, ईस्ट इंडियन असं करत करत १९११ च्या शिरगणतीत 'अँग्लो-इंडियन' हे सरकारी नाव झालं. त्याआधी हे नाव हिंदुस्थानात राहणारे शुद्ध इंग्रज स्वतःला लावीत. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, वसई-साष्टीच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चनांनी घेतलं. त्यांच्यात गोरं रक्त असल्याचा प्रश्न नव्हता. मुंबईत गोव्याहून येणाऱ्या ख्रिश्चनांशी नोकरीत स्पर्धा होती, आणि आपण इंग्रज राजवटीची सगळ्यात जुनी प्रजा आहोत हे त्यांना ठसवायचं होतं.

अँग्लो-इंडियन नेमका कोण, यावर १९२५ साली ब्रिटिश संसदेत खुलासा झाला. सरकारी नोकरीपुरता तो हिंदी माणूस. शिक्षण आणि अंतर्गत संरक्षण यांपुरता त्याचा दर्जा युरोपियनाच्या जवळपासचा. मनमाडात याचा अर्थ रोज दिसे. पगार आणि बढती ठरवताना तो विलायती साहेबाच्या खाली. पोरांच्या शाळेसाठी मात्र त्याला देवळालीचं बार्न्स स्कूल मोकळं होतं. १८१५ पासून गरीब युरोपियन-युरेशियन मुलांना शिकवणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीनं ते १९२५ सालीच तिथे उघडलं. आणि संप झाला, की ऑक्झिलिअरी फोर्स ह्या राखीव दलाची बंदूक खांद्याला लावून गाड्या चालू ठेवायला त्यालाच पुढे करत. साहेबाच्या क्लबात त्याला जागा नव्हती आणि खलाशाच्या मनात विश्वास नव्हता.

अशा जागी उभा माणूस वरच्या पायरीवर पाय टाकायला बघणारच. एकाच आईच्या दोन मुलांपैकी उजळ रंगाचा स्वतःला 'डोमिसाइल्ड युरोपियन', म्हणजे इथे स्थायिक झालेला गोरा, असं लिहवून घेई, सावळा भाऊ अँग्लो-इंडियनच राही. बदली झाली, गाव बदललं, की आडनावाचं स्पेलिंगही बदले. मी त्याला ढोंग म्हणणार नाही. शिडी रेल्वेनं लावलेली होती. माणसं फक्त चढत होती.

पण शिडीला हात लावायची सोय सगळ्यांना नव्हती. १९३८ च्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, जीआयपीतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पाठ आहे आणि मनमाडकर ते अभिमानानं सांगतात. त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेच्या नोकरभरतीचा हिशेब मांडला होता, तो कोणी फारसा वाचत नाही. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारकुनाच्या जागेला परीक्षा नाही. मॅट्रिक न झालेले हिंदी ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन आणि सवर्ण हिंदू शेकड्यांनी भरले जातात, अस्पृश्याचा अर्ज मात्र बाजूला राहतो.

आजोबा त्या सभेला होते. घरी आल्यावर ते आजीला एवढंच म्हणाले, "आपल्याला कोणी पगाराच्या कागदात बघितलं व्हय आजवर? ह्यांनी बघितलं." ड्रायव्हरचा पोरगा नापास झाला तरी फायरमन लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. १९३४ पासून तर अँग्लो-इंडियनांना रेल्वेच्या दुय्यम जागांत आठ टक्के राखीव मिळत होते. वंश आणि जात ह्या दोन गोष्टी पुस्तकात वेगळ्या असतील, मनमाडच्या पगारपत्रकात त्या एकाच उतरंडीवर बसल्या होत्या. फरक एवढाच, की मधल्या माणसाला वर सरकायची थोडी फट होती, तळच्याला नव्हती.

स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेनं अँग्लो-इंडियनांना रेल्वे, कस्टम, टपाल, तारखात्यात राखीव जागा दहा वर्षं दिल्या, त्या दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटवत. लोकसभेत दोन जागा नामनियुक्तीच्या. व्याख्या अनुच्छेद ३६६ मध्ये: बाप किंवा बापाच्या बाजूचा कोणताही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा असावा, आणि जन्म व वास्तव्य इथलं असावं.

ह्या व्याख्येचा ताप मी शेजारी पाहिला. मी कारकून असताना आमच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन आंटी राहायच्या, यजमान छोट्या लाईनीचे ड्रायव्हर. त्यांची मुलगी नगरच्या मराठी ख्रिश्चन गार्डाच्या घरी दिली होती. नातवंडं घरात इंग्रजी बोलत, रविवारी पिवळा भात आणि बॉल करी खात, नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला सगळ्यांआधी हजर. कायद्यानं ती अँग्लो-इंडियन नव्हेत. उलट यजमानांचा पुतण्या येवल्याला आईकडे वाढलेला. आई नऊवारीतली, त्याला इंग्रजी 'गुड मॉर्निंग'पलीकडे येत नसे. तो मात्र आडनावामुळे पक्का अँग्लो-इंडियन. "ये कौन सा हिसाब है, बाबूजी?" असं आंटी मला विचारत, जणू हिशेब मीच केला होता.

त्यांच्या बैठकीत यजमानांच्या पणजोबांचा फोटो होता. दाढीवाला स्कॉच प्लेटलेयर, हातात टोपी, शेजारची खुर्ची रिकामी. पणजी कोण, म्हणून विचारलं, तर एकदा म्हणाल्या पोर्तुगीज होती, एकदा म्हणाल्या गोव्याची. जुना बाप्तिस्म्याचा दाखला त्यांनी मला वाचायला दिला, तर त्यात आईच्या जागी बाप्तिस्म्यातलं एक नाव. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, गाव नाही. ती पोर्तुगीज असती तर आडनाव लिहिलं गेलं असतं, हे आंटींनाही कळत होतं. ती नांदगाव-येवल्याकडची, आमच्यापैकीच कोणी असेल, असं माझ्या मनात आलं, बोललो नाही.

बरेच जण निघून गेले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाचं 'मनूरा' जहाज मुंबईहून शेकडो अँग्लो-इंडियन घेऊन फ्रीमँटलला उतरलं, तेव्हा एवढी सावळी माणसं आलेली पाहून तिथलं सरकार बिचकलं. त्यानंतर कित्येक वर्षं रक्त बहुतांश युरोपीय आहे का, चेहरा तसा दिसतो का, हे पाहूनच आत घेत. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन इंग्लंडला जायचं तर बापाकडून ब्रिटिश असल्याचे कागद लागत. इकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात फक्त २९६ अँग्लो-इंडियन असल्याचं २०१९ साली संसदेत सांगण्यात आलं. समाजानं तो आकडा मानला नाही. पण २५ जानेवारी २०२० पासून नामनियुक्तीच्या जागा गेल्या.

आता सर्व्हिस शीटबद्दल. पहिल्या पानावर नाव, मग 'रेस', मग राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव, जन्मतारीख, उंची, अंगावरच्या खुणा. 'रेस'च्या रकान्यात कारकून काय वाटेल ते लिहीत: हिंदू, मराठा, मुसलमान, अँग्लो-इंडियन. आजोबांच्या शीटवर 'महार' लिहिलेलं आहे. आम्ही १९५६ नंतर बौद्ध झालो, बापाच्या आणि माझ्या दाखल्यावर 'बौद्ध' लागलं. माझ्या मुलीच्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता, तेव्हा घरात दुसरा कागद नव्हता. ज्या शब्दानं आजोबांना गँगबाहेर येऊ दिलं नाही, त्याच शब्दावर त्यांच्या पणतीला मेडिकलची जागा मिळाली.

आंटींची पर्थची नातही मला पत्र पाठवून तिच्या आजोबांच्या शीटचं पहिलं पान मागत होती. तिकडच्या जनगणनेत पूर्वज कोणते ते आपणच लिहायचं, दोनपर्यंत लिहिता येत होते. तिनं 'अँग्लो-इंडियन' आणि 'इंडियन' लिहिलं. इथल्या कायद्यानं तिला नाकारलेलं पहिलं आणि तिच्या घराण्यानं चार पिढ्या दडवलेलं दुसरं, दोन्ही तिनं एका ओळीत घेतलं.

जुन्या शीटा मुदत संपली की रद्दीत जातात. हल्लीच्या पोरांना मी सांगतो, पगाराची पानं खुशाल फाडा, पहिलं पान तेवढं ठेवा. कोणाला काय द्यायचं आणि काय नाकारायचं, हे त्या काळी कसं ठरलं, ते मनमाडात दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. आणि उद्या कोणाच्या पणतीला त्यातलं काय लागेल, सांगता येत नाही.