पदराला धरणारा काटा
ब्रोच दागिना म्हणून जन्मला नाही, तो कामासाठी घडला. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकाच्या सुमारास उत्तर इटली आणि ग्रीस या भागांत कांस्याच्या तारेला एका टोकाशी वेढे देऊन तिची स्प्रिंग केली गेली आणि दुसरं टोक तारेच्याच आकड्यात अडकवलं गेलं. साधा काटा कापडातून निसटायचा, हा निसटत नसे. न शिवलेलं वस्त्र अंगावर टिकवणाऱ्या या काट्याला रोमन लोक फिब्युला म्हणत. त्याची घडण पिढ्यापिढ्यांनी बदलत गेली, म्हणून थडग्यात सापडलेल्या फिब्युलेवरून त्या थडग्याचा काळ ठरवता येतो.

कामाच्या वस्तूवर माणूस किती जीव लावू शकतो हे पाहायचं, तर डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला टारा ब्रोच पाहावा. तो इ. स. 700च्या आसपासचा, चांदीचा आणि सोन्याचा मुलामा दिलेला. 1850मध्ये तो बेटिसटाऊनच्या किनाऱ्याजवळ सापडला. आयर्लंडमधल्या टारा टेकडीशी त्याचा काही संबंध नाही, ते नाव एका जवाहिऱ्याने विक्रीसाठी चिकटवलं. पुढच्या बाजूला सोन्याच्या तारेची केसासारखी बारीक नक्षी आहे, अंबर आणि काच जडवलेली आहे. पण मला थक्क करते ती मागची बाजू. ती झग्याला टेकून झाकली जाणार, हे ठाऊक असूनही कारागिराने तिथेही तितक्याच निगुतीने काम केलं आहे.

तेराव्या शतकापासून युरोपात काजं-बटणं आणि अंगाबरोबर शिवलेले कपडे रुळले. ब्रोचचं काम गेलं, शोभा उरली. 1849मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी सेफ्टीपिनेचं पेटंट घेतलं आणि ते अवघ्या 400 डॉलरना विकून टाकलं. स्प्रिंगची ती जुनी युक्ती अशी स्वस्त होऊन घरोघरी गेली.

ब्रोचला त्याचं काम परत मिळालं ते आपल्याकडे. पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी 1864मध्ये मुंबईला आल्या. पारशी स्त्रियांची साडी पाहून त्यांनी स्वतःची नेसण बसवली: आत पोलकं आणि परकर, पदर डाव्या खांद्यावर आणि तो जागेवर राहावा म्हणून ब्रोच. कलकत्त्याच्या ब्राह्मो समाजी घरांतल्या बायकांनी ती उचलली. घराबाहेर, चारचौघांत वावरायचं तर सतत पदर सावरत बसून भागणार नव्हतं. ब्रोचमुळे त्यांचा हात मोकळा झाला.