छावणी, सुट्टी आणि कामाचा हक्क

उन्हाळ्याची सुट्टी लागली की परमुलखात राहणारी मुले आजोळी येतात, ही गोष्ट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु ज्यांचे आजोळच नकाशावरून पुसले गेले, त्यांच्या मुलांनी कोठे जावे? अमेरिकेत, युरोपात, आखाती देशांत वाढलेली काही पॅलेस्टिनी मुले सुट्टीचे काही आठवडे लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावण्यांत घालवीत आली आहेत. तेथल्या मुलांना ती शिकवितात, त्यांच्याबरोबर खेळतात आणि परत जातात. हकीकत वरवर पाहता लहान आहे. पण तिच्यामागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला फार जवळचा वाटणारा एक प्रश्न त्या इतिहासात आहे. माणसाला मदत हवी असते की काम?

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली. त्या युद्धाच्या धामधुमीत सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घरांतून हुसकले गेले किंवा जीव मुठीत धरून पळाले. त्यांपैकी लाखाच्या आसपास माणसे उत्तरेस लेबनॉनमध्ये आली. त्यांत मोठा भरणा गालिली प्रांतातल्या शेतकऱ्यांचा होता. थोड्या दिवसांत परत जाऊ, ह्या हिशेबाने कित्येकांनी घराच्या किल्ल्या बरोबर घेतल्या होत्या. ज्यांना परत जाऊन शेजाऱ्यांशी शांततेने राहावयाचे आहे त्यांना जाऊ द्यावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी केला. ठराव कागदावर राहिला. किल्ल्या पेटीत राहिल्या.

ह्या निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४९ च्या डिसेंबरात एक स्वतंत्र संस्था स्थापिली. तिचे काम सुरू झाले १ मे १९५० रोजी, म्हणजे जगभरचे कामगार आपला दिवस पाळतात त्याच दिवशी. तिच्या नावात दोन शब्द आहेत: मदत आणि कामे. लोकांना धान्य द्यावे आणि मोठी बांधकामे काढून रोजगारही द्यावा, असा मूळ बेत होता. कामांचा बेत काही वर्षांतच मागे पडला. मदत उरली, आणि पुढे शाळा हेच त्या संस्थेचे सर्वांत मोठे कार्य झाले. नावातले ‘काम’ मात्र तसेच राहून गेले.

काम का मिळाले नाही? लेबनॉनच्या कायद्यात हा निर्वासित परदेशी ठरला. परदेशी माणसाच्या बाबतीत तेथे ‘तुमचा देश आमच्या माणसाला जे देईल, ते आम्ही तुम्हांला देऊ’ असे तत्त्व आहे. तत्त्व ऐकावयास सरळ वाटते. पण ज्याला देशच नाही, त्याने ही परतफेड कोणाच्या नावावर करावी? डॉक्टर, वकील, इंजिनिअर ह्यांच्या व्यवसायांची दारे ह्याच कारणाने बंद राहिली. २००१ च्या कायद्याने जमीनजुमला विकत घेण्याचीही बंदी झाली. २००५ मध्ये अंगमेहनतीची व कारकुनीची काही कामे खुली झाली; २०१० मध्ये परवान्याची फी माफ झाली; परंतु वरचे व्यवसाय बंदच राहिले. मग शिकलेला माणूसही बांधकामावर, बागांत, गॅरेजमध्ये विनापरवाना राबतो. विनापरवाना राबणाऱ्याला मालक काय देतो आणि कसा वागवितो, हे आपल्याकडच्या कोणाही नाका-कामगाराला विचारावे.

येथे आपल्या घरचेच एक उदाहरण आठवते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले होते. १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. हाल तेथेही झाले. परंतु ती माणसे ह्या देशाची नागरिक होती. दुकान थाटावयास वा कारखाना काढावयास ‘तू परका’ म्हणून त्यांना कायद्याने अडविले नाही. छावणीचे शहर झाले. बैरूतमधली शातीला ही छावणी त्याच १९४९ सालची. ती आजही छावणीच आहे. हा फरक माणसांच्या कर्तबगारीतला नव्हे, कायद्यातला आहे.

तरीही छावणीतली माणसे हात जोडून बसून राहिली, असे कोणी समजू नये. पूर्व बैरूतच्या कारखान्यांच्या टापूत तल अल्-झातर नावाची छावणी होती. १२ ऑगस्ट १९७६ रोजी, लेबनॉनच्या यादवी युद्धात, दीर्घ वेढ्यानंतर ती पडली आणि तेथे भयंकर कत्तल झाली. पोरक्या झालेल्या मुलांना सांभाळण्यासाठी त्याच वर्षी पॅलेस्टिनी लोकांनी ‘बैत अत्फाल अस्सुमूद’ ही संस्था काढली. तिचे नाव ‘निर्धाराच्या लेकरांचे घर’ अशा अर्थाचे आहे. पुढे अनेक छावण्यांत तिची केंद्रे निघाली. २००७ साली उत्तरेकडची नहर अल्-बारिद ही छावणी लढाईत जमीनदोस्त झाली, तेव्हा बेघरांचा लोंढा जवळच्या बद्दावी छावणीत शिरला. एका निर्वासिताने दुसऱ्या निर्वासिताला आपली खोली दिली.

ह्या वृत्तीचे मूळ खेड्यात आहे. आपल्या शेतकऱ्यांत इर्जिक असते, सावड असते, तशीच पॅलेस्टाईनच्या खेड्यांत ‘औना’ नावाची रीत होती. ऑलिव्हची तोडणी असो की घराचे छप्पर असो, सारा गाव हात लावी. कवी व कम्युनिस्ट कार्यकर्ते तौफीक झय्याद १९७५ च्या डिसेंबरात इस्रायलमधल्या नाझरेथ शहराचे नगराध्यक्ष निवडून आले. नगरपालिकेची तिजोरी रिकामी होती. त्यांनी १९७६ पासून स्वयंसेवकांची श्रमशिबिरे भरविली. दूरदूरहून आलेल्या तरुणांनी तेथे रस्ते आणि शाळा ह्यांच्या कामाला हात लावला. औनाचे हे शहरी रूप होय. सुट्टीत छावणीत जाणारी मुले ह्याच वाटेने चालत असतात, मग त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

ती तेथे काय करतात? चित्रे काढणे, फुटबॉल, दबके नाच हे असतेच. पण खरी गरज भाषेची आहे. लेबनॉनच्या अभ्यासक्रमात गणित व शास्त्र हे विषय परकीय भाषेत, इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये शिकवितात. घरी अरबी बोलणारे छावणीतले पोर गणितात अडत नाही, गणिताच्या भाषेत अडते. तेथे इंग्रजीत वाढलेले, आपल्याच रक्ताचे, चार वर्षांनी मोठे पोर शेजारी बसले, तर त्याचा उपयोग होतो.

पाहुण्यालाही काही मिळते. बैरूतच्या बुर्ज अल्-बराजनेह छावणीत तर्शिहा, काब्री, कुवैकात ह्या गावांची माणसे मूळ गावांप्रमाणे वस्ती करून राहिली. नव्या माणसाला तेथे पहिला प्रश्न असतो, ‘तुझे गाव कोणते?’ परदेशात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. उत्तर दिले की एखादी म्हातारी त्याच्या पणजोबाची विहीर कोठे होती ते सांगू लागते. अशा वृद्धांच्या सुमारे ५०० मुलाखती २००२ पासून एका उपक्रमाने चित्रफितींवर उतरवून घेतल्या. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. ऐकणारा वेळेवर आला पाहिजे, हे खरे.

पण विषमता नजरेआड करून चालणार नाही. एकाच गावचे दोन भाऊ. एकाचा नातू अमेरिकन पासपोर्ट खिशात घालून येतो आणि तीन आठवड्यांनी जातो. दुसऱ्याचा नातू त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवितो आणि डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारांखालून घरी परततो. पाहुणा दरसाल नवा आला, फोटो काढून गेला, तर त्या मुलाच्या वाट्याला फक्त निरोप येतात. म्हणून माझे मत असे की, काम कोणते करावयाचे ते छावणीतल्या शिक्षकांनी ठरवावे, आणि गेलेला पुन्हा यावा. उपकार एकदाच करता येतात. नाते मात्र पुनःपुन्हा यावे लागते.

२०१९ च्या जुलैत लेबनॉनच्या कामगार खात्याने विनापरवाना कामगारांविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हा छावण्यांनी संप केला, निदर्शने केली. त्यांची मागणी धान्याची नव्हती, दयेचीही नव्हती. ‘आम्हांला परके मजूर म्हणू नका, काम करू द्या,’ हे त्यांचे म्हणणे होते. उन्हाळ्यात ज्या मुलीला इंग्रजीतून गणित शिकविले, ती उद्या इंजिनिअर झाली तर तिला नोकरी कोण देणार, ह्या प्रश्नापाशी सारी स्वयंसेवा येऊन थांबते. त्याचे उत्तर वर्गात नाही. कायदेमंडळांत आहे, आणि १९४८ च्या त्या ठरावात आहे. सुट्टीत गेलेल्या मुलाने हा प्रश्न आपल्या देशी परत नेला आणि तेथल्या सभेत, तेथल्या मतपेटीपाशी विचारला, तरच त्याचा उन्हाळा कारणी लागला असे म्हणता येईल.