वाटेकडेची द्राक्षे आणि मोरचूद

मोरचुदाचे निळे स्फटिक परीक्षानळीत तापवून पांढरे करायचे आणि पाण्याचा थेंब टाकून पुन्हा निळे करायचे, इथवर शाळेत आपण बहुधा थांबतो. तांब्याच्या या सल्फेटने शेतात काय केले, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

१८०७ साली फ्रान्समधील मोंतोबाँ येथे बेनेदिक्त प्रेव्हो या प्राध्यापकाने गव्हाच्या काणी रोगावर प्रबंध प्रसिद्ध केला. काणीची काळी भुकटी ही एका सूक्ष्म वनस्पतीची बीजे असून तीच रोगाचे कारण आहे, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात ही बीजे रुजत नाहीत हेही त्याच्या ध्यानात आले आणि बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवण्याचा उपाय त्याला सापडला. पण बुरशी हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, अशी तेव्हाच्या विद्वानांची पक्की समजूत. प्रेव्हो १८१९ मध्ये वारला. त्याचे म्हणणे खरे ठरवणारे आंतोन द बारीचे काम सुरू झाले ते १८५३ च्या सुमारास.

पुढे १८७८ पासून अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सच्या द्राक्षबागा झोडपल्या. ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदोक भागात पिएर मिलार्देला दिसले की सगळीकडे पाने गळालेली, फक्त वाटेकडेच्या वेली हिरव्या. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून तिथे चुना आणि तांब्याचा क्षार शिंपडला होता. फळे विषारी दिसावीत, एवढाच हेतू! असा शिडकावा पाहणारा तो काही पहिला नव्हे. पण तो द बारीकडे शिकलेला होता, म्हणून त्या डागांचा अर्थ त्याला लागला.

रसायनज्ञ गेयाँच्या मदतीने प्रयोग करून १८८५ मध्ये त्याने कृती जाहीर केली: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात कालवलेला १५ किलो चुना. नुसते मोरचूद आम्लधर्मी, पाने जाळते. चुन्यामुळे तांब्याचा अविद्राव्य साका बनतो, पानाला चिकटतो आणि दवात अगदी थोडे थोडे तांबे सोडतो. बुरशीच्या बीजाणूंना तेवढे पुरते. नाशिकचे बागाईतदार आज १ टक्का बोर्डो मिश्रण वापरतात ते हेच, फक्त पुष्कळ सौम्य. (वर्षानुवर्षे फवारल्यास तांबे मातीत साठते, हेही मुलांना सांगावे.)

मिश्रण वर्गात करायचे तर प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको. घासलेले लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला.